पेनकिलर, ऑक्सिजन आणि लिव्हर : ‘दर सहा तासांनी एक’ हे गणित कधी बिघडतं?

औषधाची आठवण करून देणारी ॲप्स तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरच्यांच्या फोनमध्ये टाकून दिली असतील. गोळीचं नाव टाकायचं, ‘दर ६ तासांनी’ निवडायचं, की अलार्म वाजायला लागतो. भारी सोय आहे. पण त्या ॲपला फक्त घड्याळ कळतं. आधीच्या गोळीतलं औषध अंगातून किती बाहेर गेलंय, हे त्याला अजिबात माहीत नसतं.

‘दर ६ तासांनी’ या आकड्यामागे एक गृहीतक आहे : तुमचं लिव्हर, म्हणजे यकृत, नेहमीच्या वेगाने ते औषध साफ करतंय. बहुतेक औषधांच्या बाबतीत हा वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. पण औषधांचा एक गट असा आहे जो हे गृहीतक स्वतःच मोडू शकतो. तो म्हणजे ओपिऑइड. मॉर्फीन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या काही सिरपमध्ये असणारं कोडीन, हे सगळे त्याच घराण्यातले. ते श्वास मंदावतात, श्वास मंदावला की ऑक्सिजन कमी होतो, आणि ऑक्सिजन कमी झाला की औषध साफ करणारं लिव्हरच हळू पडू शकतं. आज आपण ही साखळी नेमकी कशी चालते ते पाहूया.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. माझ्या रूममेटच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि त्याला काही दिवसांसाठी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या मिळाल्या, तेव्हापासून मी हे वाचायला लागलो. त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

लिव्हर म्हणजे दोन वेगळ्या मर्यादा असलेला सर्व्हर

मोठ्या माणसाच्या लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा जवळपास पाव भाग. लिव्हर किती औषध साफ करणार हे दोन गोष्टींवर ठरतं : किती रक्त आत येतंय, आणि आलेल्या रक्तातलं किती टक्के औषध एका फेरीत काढून घेतलं जातंय.

काही औषधांच्या बाबतीत लिव्हर इतकं तरबेज असतं की आलेल्यातलं बरंचसं एकाच फेरीत उचलतं. मॉर्फीन आणि फेंटॅनिल अशी आहेत. मॉर्फीनचे १०० भाग आत गेले तर साधारण ६०-७० भाग पहिल्याच फेरीत निघतात. म्हणूनच तोंडाने घ्यायचा मॉर्फीनचा डोस इंजेक्शनच्या साधारण तिप्पट असतो. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथेच तिचा मोठा वाटा कापला जातो. अशा औषधांसाठी अडचण प्रोसेसरची नसते, बँडविड्थची असते. रक्त कमी आलं की सफाई त्याच प्रमाणात कमी. समजा रक्तप्रवाह मिनिटाला दीड लिटरवरून एक लिटरवर आला, तर मॉर्फीनची सफाईही जवळजवळ एक तृतीयांशाने घटते.

दुसऱ्या बाजूला मेथाडोन. लिव्हर एका फेरीत त्यातलं अगदी थोडं काढतं. इथे रक्त कितीही येवो, काम करणारे हातच कमी आहेत. म्हणजे इथे मर्यादा प्रोसेसरची. एन्झाइम हळू झाले की मेथाडोन रेंगाळतं, आणि ते तसंही एक-दोन दिवस रेंगाळणारं औषध आहे.

आणि एक गंमत : रेमिफेंटॅनिल नावाचं ओपिऑइड ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात. ते रक्तात आणि स्नायूंमध्ये असलेल्या एन्झाइमनीच तुटतं, लिव्हरची रांग लावावीच लागत नाही. ड्रिप बंद केली की काही मिनिटांत असर उतरतो. अडचण लिव्हरमध्ये आहे हे ओळखून लिव्हरलाच बायपास करणारं डिझाइन. मला तरी हे कोडिंगमधल्या कुठल्याही युक्तीइतकंच देखणं वाटतं.

ऑक्सिजन हा इथे कच्चा माल आहे

आता मुख्य मुद्दा. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ऑक्सिजन ऊर्जेसाठी लागतो, हे आपण शाळेतच शिकलो. लिव्हरमध्ये त्याचं आणखी एक काम असतं. औषधं मोडणाऱ्या एन्झाइमचं एक मोठं कुटुंब आहे, सायटोक्रोम पी-४५०. (नावातला ४५० हा आकडा प्रकाशाच्या तरंगलांबीचा. कार्बन मोनॉक्साइड चिकटलं की हे एन्झाइम ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, म्हणून हे नाव.) हे एन्झाइम ऑक्सिजनचा रेणू घेतात, त्यातला एक अणू औषधाच्या रेणूला जोडतात आणि दुसऱ्याचं पाणी करतात. म्हणजे ऑक्सिजन इथे जनरेटरचं डिझेलही आहे आणि भिंतीत लागणारी वीटही. वीटच नसेल तर गवंडी काय करणार!

दुसरी पद्धतही आहे. औषधाला साखरेसारखा एक तुकडा चिकटवायचा, ते पाण्यात विरघळणारं करायचं आणि किडनीकडे पाठवून द्यायचं. मॉर्फीन मुख्यतः या मार्गाने जातं. या कामात ऑक्सिजन थेट वापरला जात नाही, फक्त ऊर्जा लागते. त्यामुळे ऑक्सिजन थोडा कमी झाला तर पी-४५० वाला मार्ग आधी मंदावतो, साखरवाला बराच उशिरा. फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल आणि झोपेसाठी-घबराटीसाठी दिलं जाणारं अल्प्राझोलाम हे पी-४५० वर अवलंबून आहेत. मॉर्फीनला या बाबतीत थोडी सूट मिळते, पण रक्तप्रवाह घटला तर त्यालाही फटका बसतोच.

पाइपलाइनच्या शेवटची घरं

लिव्हरची रचना बघितली की माझ्यासमोर आमच्या सोसायटीची पाण्याची लाइन येते. महापालिकेचं पाणी सुटलं की पहिल्या विंगला धो-धो, शेवटच्या विंगला करंगळीएवढी धार. लिव्हरमधले लहान लहान कप्पे असेच आहेत. रक्त कडेने शिरतं आणि मधल्या शिरेकडे वाहत जातं. वाटेतल्या पेशी ऑक्सिजन उचलत जातात. कडेच्या पेशींना मिळणारा ऑक्सिजनचा दाब ६० ते ६५ मिलिमीटरच्या आसपास असतो, मधल्या शिरेजवळच्या पेशींपर्यंत पोचेपर्यंत तो ३०-३५ वर येतो. हे तब्येत ठणठणीत असताना!

त्यातच, औषध मोडणारे पी-४५० एन्झाइम सगळ्यात जास्त कुठे आहेत? या शेवटच्या विंगमध्ये. म्हणजे ऑक्सिजनची गरज असलेलं यंत्र नेमकं तिथे बसवलंय जिथे ऑक्सिजन सगळ्यात कमी पोचतो. आणि मुळात लिव्हरला येणारं तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून आलेलं, आधीच ऑक्सिजन वापरून झालेलं असतं. ताजं, फुल ऑक्सिजनवालं रक्त फक्त एक चतुर्थांश.

तरी लिव्हर लगेच हात टेकत नाही. आतड्यांकडचं रक्त घटलं तर धमनी रुंद होऊन भर घालते, आणि पेशी आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. त्यामुळे घड्याळावर ९४ दिसलं म्हणून लिव्हर बंद पडलं असं काही नसतं. खरा घोळ होतो तो ऑक्सिजन बराच वेळ, बराच खाली राहिला तर; आणि त्याच वेळी रक्तदाबही उतरला तर जास्तच.

हे फक्त थिअरी नाही. दम्यासाठी थिओफिलाइन नावाचं औषध आहे. आपल्याकडे घरातल्या मोठ्यांना ‘डेरिफायलिन’ नावाने माहीत असेल, त्यात ते असतं. निरोगी माणसात त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ८-९ तास लागतात. फुप्फुसात अचानक पाणी भरलेल्या रुग्णांत हाच आकडा सरासरी १९ तासांच्या आसपास जातो. तिथे ऑक्सिजनही कमी असतो आणि हृदयाचा जोरही, त्यामुळे दोष कोणाचा किती हे वेगळं काढता येत नाही. पण डोस तोच ठेवला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता साखळी जोडूया

ओपिऑइड मेंदूच्या खालच्या भागात, जिथून श्वासाची लय चालते, तिथे जाऊन बसतात. श्वास उथळ आणि संथ होतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, ऑक्सिजन घटतो. एरवी कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू ‘श्वास घे’ म्हणून ढकलतो. ओपिऑइड तो अलार्मच म्यूट करतात. डोस जास्त असेल तर रक्तदाबही खाली येतो, म्हणजे लिव्हरकडे जाणारं रक्त कमी. एकाच वेळी बँडविड्थही कमी आणि प्रोसेसरही हळू. औषध बाहेर जायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते श्वासावर बसून राहतं.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ओपिऑइड पोटही संथ करतात. गोळी जठरातच पडून राहते, उशिरा शोषली जाते. ‘असर नाही झाला’ म्हणून कोणी दुसरी घेतली, तर नंतर दोन्ही एकदमच रक्तात येऊ शकतात. रांगेत अडकलेल्या रिक्वेस्ट सर्व्हर उठल्यावर एकदम आदळतात, तसं.

इथे प्रमाणही नीट समजून घ्या. कोणी खूप मोठा डोस घेतला तर धोका काही मिनिटांचा असतो, तो मेंदू आणि हृदयाला असतो. लिव्हर हळू होण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. लिव्हरची गोष्ट तासांच्या हिशोबाची आहे. रात्रभर श्वास थोडा दबलेला, आणि अलार्म मात्र ठरल्याप्रमाणे वाजतोय, अशा परिस्थितीची.

आकड्यांत पाहूया. एक काल्पनिक औषध घ्या, दर ४ तासांनी एक डोस. २ तासांत निम्मं होत असेल, तर पुढच्या डोसपर्यंत २५ टक्के उरतं. असं चालू ठेवलं तर अंगातली कमाल पातळी एका डोसच्या १.३३ पटीवर स्थिर होते. निम्मं व्हायला ४ तास लागले तर २ पट. ८ तास लागले तर जवळपास ३.४ पट. गोळी तीच, अलार्म तोच, फक्त सफाई चौपट संथ. आणि ही पातळी पहिल्या गोळीला येत नाही, हळूहळू चढते. पहिल्या रात्री ठीक होतं म्हणून तिसऱ्या रात्रीही ठीक असेलच, असं नाही.

कंपन्यांनाही हे माहीत असतं. साध्या ट्रॅमाडॉलच्या अमेरिकन लेबलवर नेहमीचं अंतर ४ ते ६ तास आहे. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर खूप खराब झालेल्या रुग्णाला मात्र ५० मिलिग्रॅम दर १२ तासांनी, असं स्वतंत्र लिहिलेलं आहे. कारण निम्मं होण्याचा साधारण ६ तासांचा वेळ त्यांच्यात १३ तासांवर जातो. आठवण करून देणाऱ्या साध्या ॲपमध्ये मात्र ‘लिव्हर कसं आहे?’ असा प्रश्न मी तरी पाहिलेला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेने घसरली

लिव्हर जास्त वेगवान असलं तर बरंच, असं वाटेल. कोडीनच्या बाबतीत तसं नाही. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमधलं २डी६ नावाचं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं आणि तेच दुखणं कमी करतं. काही लोकांत या एन्झाइमच्या जीनच्या जादा प्रती असतात. त्यांच्यात मॉर्फीन फार भराभर तयार होतं.

अमेरिका-कॅनडामध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना दुखण्यासाठी कोडीन द्यायचे. यातल्या बऱ्याच मुलांचं ऑपरेशनच मुळी यासाठी असायचं, की टॉन्सिल वाढल्यामुळे झोपेत श्वास अडकायचा आणि रात्री ऑक्सिजन पडायचा. वारंवार ऑक्सिजन पडलेल्या अशा मुलांवर मॉर्फीनचा असर जास्त होतो, हेही दिसून आलेलं आहे. ज्यांच्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या, त्यातली काही मुलं नेहमीच्याच डोसवर दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कोडीनवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही देऊ नये असं ठरवलं. घरात जुनी कोडीनवाली खोकल्याची बाटली पडून असेल आणि लहान भावंडाला खोकला झाला असेल, तर ती उघडूच नका.

नशेसाठी अख्खी बाटली पिणाऱ्यांच्या बाबतीत तर आपण कोणत्या जीनचे आहोत, हे त्यांना बाटली रिकामी झाल्यावरच कळतं. वर दारू किंवा अल्प्राझोलाम असेल तर श्वासाला दुसरा ब्रेक. ओपिऑइड आणि या गटातल्या गोळ्या एकत्र घेण्याबद्दल अमेरिकेत २०१६ पासून तसाच कडक इशारा छापलेला असतो. आपल्याकडे ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. त्यामुळे मित्राची उरलेली गोळी ‘घे, चालतं’ म्हणून देणं हा साधा मामला राहिलेला नाही.

स्ट्रिपवर बारीक अक्षरात दुसरं नाव

आपल्याकडे ट्रॅमाडॉल बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येतं, साधारण ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलचा थोडा भाग पी-४५० मुळे एका विषारी पदार्थात बदलतो, आणि तो निकामी करायला लिव्हरकडे ग्लुटाथायॉन नावाचा साठा असतो. डोस फार झाला की हा साठा संपतो आणि पेशी मरायला लागतात. कुठल्या? त्याच शेवटच्या विंगमधल्या. ऑक्सिजन तुटला तरी आधी त्याच मरतात. म्हणून दुखणं थांबेना म्हणून वरून वेगळी क्रोसिन किंवा डोलो घेताना आधी स्ट्रिप उलटी करून वाचा. एकच औषध दोनदा जातंय का, ते बघा.

मग स्मार्टवॉच कामाचं का?

आता रूममेटची गोष्ट. दुसऱ्या रात्री त्याच्या घड्याळाने ऑक्सिजन ८९ दाखवला. त्याने मला उठवलं, “अरे, हे नॉर्मल आहे का?” आम्ही डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आकड्यावर फार वेळ घालवला नाही. पहिला प्रश्न : “तो नीट बोलतोय का, की बोलता बोलता झोपतोय?” दुसरा : “छातीकडे बघून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा.” १५ आले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९६ होतं. घड्याळाचा पट्टा सैल होता. तरी पुढची गोळी त्यांनी सकाळपर्यंत थांबवायला सांगितली.

नंतर वाचताना या प्रश्नांचं कारण कळलं. ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो. रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत घसरला, तरी आकडा ९८ वरून ९० च्या आसपासच येतो. त्याखाली मात्र उतार एकदम तीव्र होतो. बॅटरी २० टक्क्यांपर्यंत आरामात चालते आणि मग धाडकन फोन बंद पडतो, तसलंच. आणि रुग्णाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर श्वास खूप मंद झाला तरी आकडा छान दिसत राहतो, कारण कार्बन डायऑक्साइड त्यात दिसतच नाही. श्वासाची गती आणि शुद्ध हे दोन्ही त्या आकड्याच्या आधी बोलतात. मोठ्या माणसाचा शांत बसलेला वेग मिनिटाला १२ ते २० असतो. पूर्ण एक मिनिट मोजा. फोनचा स्टॉपवॉच यासाठी पुरेसा आहे. आणि ओपिऑइड घेणारा माणूस गुंगीत असेल, तर अलार्म वाजला म्हणून त्याला उठवून पुढची गोळी देऊ नका. आधी डॉक्टरांना फोन.

उतारा आहे, पण तोही लिव्हरमधूनच जातो

नॅलोक्सोन हे औषध ओपिऑइडला मेंदूतल्या जागेवरून ढकलून देतं, श्वास काही मिनिटांत परत येऊ शकतो. हे गोळी म्हणून का नाही देत? कारण तोंडाने घेतलं तर लिव्हर पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळं संपवून टाकतं. म्हणून इंजेक्शन किंवा नाकातला स्प्रे. अमेरिकेत हा स्प्रे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे मुख्यतः हॉस्पिटलमध्येच.

त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. पण अडकलेलं ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात असू शकतं, आणि लिव्हर मंदावलेलं असेल तर आणखीच. म्हणजे माणूस उठून बसतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो, आणि तासाभराने पुन्हा श्वास मंदावतो. हॉस्पिटलवाले घरी सोडत नाहीत, बसवून ठेवतात, ते यासाठी.

कोणी हाक मारून, खांदा हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला १० च्या खाली असेल किंवा घरघरत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर लगेच १०८ किंवा ११२ लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा आणि एकट्याला सोडून जाऊ नका. श्वासच थांबला असेल तर फोन स्पीकरवर ठेवा आणि पलीकडून सांगतील तशी छाती दाबायला सुरुवात करा. दुसरं कोणी सोबत असेल तर त्याला स्ट्रिपचे किंवा बाटलीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांगा : किती गोळ्या उरल्यात, शेवटची किती वाजता घेतली, सोबत दारू किंवा झोपेची गोळी होती का. ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच लागतं.